दुसऱ्या दिवशीची फेरी

दमलेल्या बायकांची तपासणी करायची म्हणून मी त्यांना डोंगर चढायला लावला.

ही माझी नव्या नोकरीतली पहिली कामगिरी. पेडण्यातल्या इब्रामपूरला शिबिर घ्यायचं ठरलं होतं आणि जागा शोधायचं काम माझ्याकडे होतं. मला शाळा आवडली. हवेशीर खोल्या, बसायला बाकं, आवारात विहीर, शिवाय मुख्याध्यापक माझ्या मावसभावाचे दोस्त. शाळा टेकाडावर आहे हे माझ्या ध्यानातच आलं नाही, कारण मी जीपमधून वर गेलो होतो. मग गावभर निरोप फिरवला: ज्या बायकांना सतत थकवा असतो, कितीही पडून राहिलं तरी जात नाही, त्यांनी रविवारी सकाळी शाळेत यावं.

रविवारी बायका आल्या. चांगल्या घोळक्यानं आल्या. ठेवणीतल्या साड्या, केसांत अबोलीची फुलं, एकमेकींना कोपरखळ्या मारत, हसत चढण चढून आल्या. एकीलाही धाप लागलेली नव्हती. आमचे प्रमुख, डॉक्टर मिनेझिस, यांनी दुपारपर्यंत सगळ्यांना तपासलं, गळ्यातली नळी काढून टेबलावर ठेवली आणि मला खुणेनं जवळ बोलावलं.

"देसायबाब, ह्यो सगळ्यो बायलो घट आसात. जाल्यार थकिल्ल्यो खंय आसात?"

सगळ्या जर धडधाकट, तर थकलेल्या कुठे आहेत? मी जनेलातून खाली पाहिलं. खाली गाव होतं, घरं होती, काही घरांची दारं दिवसाढवळ्या ओढून घेतलेली होती. थकलेल्या तिथे होत्या. चढण चढायची ताकद असती तर त्यांना आमची गरजच काय होती?

डॉक्टर रागावले नाहीत. ते रागावत नसत, त्यामुळे जास्तच लाज वाटायची. फक्त जीपमध्ये बसताना म्हणाले, "फुडल्या खेपे शिबिर माडाच्या शेंड्यार घे."

*

मी तेव्हा काय काम करत होतो हे माझ्या आईला शेवटपर्यंत कळलं नाही. हुद्दा मोठा होता: संशोधन समन्वयक. ती शेजारणीला सांगायची, "बायका थकतत, तेंचो तपास करता." शेजारीण विचारायची, "आणि पुरुष थकतत तेंचो?" आई म्हणायची, "तो काय माझ्याच घरात हा."

काम साधं होतं आणि अवघड होतं. एक आजार असतो, दीर्घकालीन थकव्याचा. माणूस दमतो आणि दमलेलाच राहतो. महिनोन् महिने. झोपून उठलं तरी झोप झाल्यासारखी वाटत नाही, डोकं चालत नाही, अंग दुखतं. रक्त तपासावं तर रक्त चांगलं. पंडुरोग नाही, मधुमेह नाही, गळ्याच्या ग्रंथीचा बिघाड नाही. सगळं ठीक असल्यामुळे घरचे म्हणतात ढोंग, आणि डॉक्टर म्हणतात टॉनिक. असा आजार आमच्या पेडणे-डिचोलीच्या खेड्यांत आहे का, किती आहे, कसा दिसतो, हे शोधायचं होतं. शोधणार डॉक्टर. घरोघरी बायकांशी बोलणार रजनी, आमची परिचारिका. उरलेलं सगळं माझ्याकडे. उरलेलं म्हणजे जीप, डिझेल, सरपंच, रक्ताच्या बाटल्या, त्या थंड ठेवायला बर्फ, वाटेतले कुत्रे आणि संशय.

काळही असा होता की कशावरूनही संशय यायचा. गोवा राज्य होऊन फार वर्षं झालेली नव्हती. राजभाषा कोणती यावर झालेली भांडणं कागदावर मिटली होती, चहाच्या दुकानांत मिटली नव्हती. एका पंचायतीत सरपंचांनी आमची प्रश्नावली हातात घेतली आणि थकव्याबद्दल एक अक्षर न विचारता म्हणाले, "ही मराठीत कित्याक? ही कोंकणीत कित्याक नाय?" पुढच्या गावात बरोबर उलट विचारलं. शेवटी आमची पद्धत अशी पडली: मी मराठीत छापायचं, डॉक्टरांनी कोंकणीत विचारायचं, रजनीनं मालवणीत समजावायचं, आणि बायकांनी मान हलवून उत्तर द्यायचं. कुणाचीच तक्रार उरली नाही.

टेकाडाच्या प्रकारानंतर ठरलं की यापुढे कुणाला बोलवायचं नाही. आपण घरी जायचं. मला वाटलं, सुटलो. मी या भागात जन्मलो, वाढलो, तरी पुढे काय वाढून ठेवलंय ते मला दिसलं नाही.

आमच्याकडे घरी माणूस आला की घरची बाई उठते. आजारी असली तरी उठते. खाटेवर असेल तर केसांवरून हात फिरवते, पदर नीट करते, "बसा हां" म्हणते आणि चुलीकडे जाते. चहा, चहाबरोबर काहीतरी. काही नसेल तर पोदेराकडचा, पाववाल्याकडचा, उंडो तरी. आम्ही ज्या बाईची अशक्तता बघायला जायचो, ती आमच्यासमोर घागर उचलायची, चूल फुंकायची, चहा गाळायची आणि हसऱ्या चेहऱ्यानं बशी पुढे करायची. डॉक्टर बशी हातात घेऊन तिच्याकडे बघायचे. बाहेर आल्यावर म्हणायचे, "हिका थकवा ना. ही बसना." बसना म्हणजे आमच्या अभ्यासात बसत नाही. रजनी तिचं नाव बाजूला काढायची.

काही दिवस असं चाललं. चहा पिऊन पिऊन आम्हालाच आजार व्हायची वेळ आली. चहा नको म्हणून चालत नाही. नको म्हटलं की घरच्यांना वाटतं यांना आमचं पाणी चालत नाही. मग मी एक शक्कल लढवली. इब्रामपूरलाच एका घरात, बाई चुलीकडे निघाल्याबरोबर मी हात जोडले.

"वैनीनू, राग मानू नका. आज आमचा उपास."

"तिघांचो?"

"तिघांचो."

तिनं डॉक्टरांच्या गळ्यातल्या क्रुसाकडे पाहिलं. "दोतोरांचो पण?"

"त्यांचो त्यांच्या पद्धतीन."

डॉक्टरांनी गंभीरपणे मान डोलावली. बाईचा चेहरा उजळला. "मगे आधी नाय सांगूचा? बसा. उपासाचा करतंय."

आणि तिनं साबुदाणा काढला. बटाटे उकडायला ठेवले. नारळ फोडला, खवला. दीराला झाडावर चढवून शहाळी उतरवून घेतली. जी बाई साध्या चहात सुटली असती, तिच्यामागे मी खिचडी लावली. जीपमध्ये रजनी माझ्याशी बोलली नाही. डॉक्टरांनी मात्र उद्याची चौकशी केली, "देसायबाब, फाल्यां खंयचो उपास?"

*

लाटंबार्शाला सुमती भेटली ती याच दिवसांत, काजूच्या हंगामात. घर सिंधुदुर्गातून आलेल्या माणसांचं. मागच्या पिढीत खाणीवर कामाला आले आणि इथेच राहिले. नवरा विष्णू खनिजाचा ट्रक चालवायचा. कमी बोलायचा, काही विचारलं की "आवशीक विचारा" म्हणायचा. आवस म्हणजे सुमतीची सासू, गंगाबाय. उंच, काटक, हात सतत कामात. घराची, थोड्या भाताची, डोंगरावरच्या काजूंची सगळी व्यवस्था तिच्याकडे. सुमतीला एक मुलगी होती, गावच्या शाळेत जाणारी.

आम्ही सोप्यावर बसलो. गंगाबायनं आत हाक दिली, "सुमे, दोतोर इले गो. च्या ठेय." आणि सून चुलीकडे गेल्यावर आवाज खाली आणून मला म्हणाली:

"भाऊ, माका एक सांगा. हेका आजार म्हणतत काय सोंग? आजार आसलो तर मी सगळा करतलंय, माका वाईट वाटूचा नाय. पण सोंग आसला तर माका एकटीक ह्या घर ओढूक जमाचा नाय. तिच्या भावाशीक निरोप धाडलोहा. तो येवन तिका न्हेतलो."

"आणि मुलगी?"

"चेडवाची शाळा हंय हा. ता हंय रवतला."

आईनं माहेरी जायचं आणि मुलीनं इथेच राहायचं, हे तिनं रागानं सांगितलं नाही, म्हणून ते जास्त लागलं. वाडवडिलांच्या वेळेपासून ठरलेली गोष्ट सांगावी तसं सांगितलं. मी तिला म्हणालो की आम्ही अभ्यास करायला आलोय, निकाल द्यायला नाही. ती म्हणाली, "दोतोर काय सांगता ताच निकाल."

सुमती चहा घेऊन आली. केस विंचरलेले, कपाळावर ताजं कुंकू, ताटात शेव आणि काजूगर. डॉक्टरांच्या प्रश्नांना पटापट उत्तरं दिली. मधे एकदा ती भिंतीला टेकली, पण मी तिकडे नीट पाहिलं नाही, मी काजूगर खात होतो. रक्त घेतलं. निघालो. फाटकाबाहेर डॉक्टर म्हणाले, "ही बसना."

रजनी म्हणाली, "डॉक्टर, तिच्या भावाला निरोप गेलाय."

डॉक्टर थांबले. त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं. "रजनी, खोटें बरयलें म्हणून ती बरी जातली?"

खोटं लिहून ती बरी होणार नव्हतीच. रजनी पेटी उचलून जीपकडे निघाली.

त्या संध्याकाळी डिचोलीच्या अलीकडे खनिजाच्या ट्रकांची रांग लागली आणि आम्ही तिच्यात अडकून पडलो. पेटीतला बर्फ वितळला. प्रयोगशाळेनं सांगितलं, रक्त फुकट गेलं, परत आणा. डॉक्टरांना दुसरीकडे जायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि रजनी न कळवता लाटंबार्शाला गेलो.

अंगणात गंगाबाय काजूच्या बोंडांतून बिया वेगळ्या करत बसली होती. सगळीकडे तो आंबूस गोड वास. आम्हाला पाहून ती उठली नाही. हात न थांबवता म्हणाली, "इलात? बरा झाला. भितर जावा. बघा तुमचा पेशंट."

मागच्या खोलीत जनेलावर गोणपाट टाकून अंधार केला होता. जमिनीवर चटईवर सुमती पडली होती. कालचीच साडी, कालचंच कुंकू, पुसटलेलं. आम्ही दिसल्यावर तिनं उठायची धडपड केली आणि कोपरावर येऊनच ती अडकली. रजनीनं खाली बसून तिला परत निजवलं.

"बाय, उठू नको. आम्ही चहा घेणार नाही."

"काल तुमी इलात म्हणान उठलंय," ती म्हणाली. प्रत्येक शब्दाला थांबत होती. "पावण्याक च्या नाय दिलो तर मांयची मान खाली जाता." मांय म्हणजे सासू. मग डोळे मिटून: "डोक्यात कापूस भरल्यासारखो हा. आणि खरा सांगू? कधी कधी माकाच वाटता, मीच सोंग करतंय."

मी बाहेर आलो. गंगाबाय माझी वाटच बघत होती.

"बघितलात? काल तुमच्यासमोर नाचली. आज पडली. मगे सोंग नाय तर काय? लोक इले की बरी, लोक गेले की आजारी."

"असं नेहमी होतं?"

"नेहमी! चवथीक बघा. पावणे, नेवऱ्या, खतखतां, सगळा एकटीन केल्यान. सगळी म्हणत होती, गंगाबाय, सून कशी चलाख! गणपती गेलो आणि ही जी पडली ती उठाक नाय. शिगम्याक ताच. धाकट्याच्या लग्नाक ताच. सण येय पावत बरी. सण गेलो की संपली."

मला इथे लिहायला आवडलं असतं की हे ऐकून माझ्या डोक्यात उजेड पडला. तसं काही झालं नाही. मला तिची चीड आली आणि सुमतीची दया आली आणि मी रक्ताची बाटली पेटीत ठेवली. जीप गावाबाहेर पडली. मग रजनी म्हणाली, "आपण दरवेळी चवथीलाच जातो."

"काय?"

"आपण घरी गेलो की त्या घरची चवथ असते. बाई उठते, करते, हसते. आपण निघून जातो. गणपती गेल्यावर काय होतं ते आपण कधी बघितलंय?"

मी ड्रायव्हरला जीप बाजूला घ्यायला सांगितली. का ते मला माहीत नव्हतं, पण चालत्या गाडीत तो विचार झेपत नव्हता. आम्ही ज्यांना 'बसत नाही' म्हणून बाजूला काढलं होतं त्यांचे चेहरे एकेक आठवायला लागले. त्यांच्या बश्या आठवायला लागल्या. साबुदाण्याची खिचडी आठवली. त्या वैनीचं दुसऱ्या दिवशी काय झालं असेल?

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. ऐकून झाल्यावर कपाटातलं एक जाड पुस्तक काढलं, एक पान उघडलं आणि बोट ठेवलं. "हें हांगा बरयलां," ते म्हणाले. श्रम झाले की थकवा लगेच नाही, नंतर येतो, कधी दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या, आणि माणसाला आडवं करतो. हीच या आजाराची खूण आहे. त्यांना ते पाठ होतं. पुस्तक मिटून ते म्हणाले, "म्हाका खबर आसलें. पूण हांव दुसऱ्या दिसा केन्नाच वचूंक ना."

मला माहीत होतं, पण मी दुसऱ्या दिवशी कधी गेलोच नाही. एवढा शिकलेला माणूस एवढ्या सरळपणे असं म्हणाला, तेव्हाच मी ठरवलं की या माणसाबरोबर काम पूर्ण करायचं.

तेव्हापासून आमच्या कामात दुसऱ्या दिवशीची फेरी आली. पहिल्या दिवशी जायचं, चहा प्यायचा, कारण तो चुकणार नव्हता. मग न कळवता परत जायचं, उंबरठ्यावरूनच सांगायचं की बसणार नाही, कुणी उठायचं नाही, आणि विचारायचं: कालपासून कशी आहेस? ऐकायला सोपं वाटतं. पण एक बाई, दोन फेऱ्या, सगळं दुप्पट. डिझेल देणारे पणजीचे साहेब मला विचारायचे, "त्याच बाईकडे परत कशाला?" मी सांगायचो, "काल ती पाहुण्यांना भेटली. आज आम्हाला भेटेल." त्यांना पटायचं नाही, पण वाक्य आवडायचं, आणि डिझेल मिळायचं.

आधी बाजूला काढलेल्या सगळ्या घरांत आम्ही परत गेलो. सगळ्या नाही सापडल्या. इब्रामपूरची एक बाई माहेरी गेली होती. पाठवली होती की गेली होती, कुणी धड सांगितलं नाही. तिचा हसरा चेहरा आणि पुढे केलेली बशी मला अजून दिसते. या कामाचा मला अभिमान आहे, पण तिची आठवण आली की तो जरा वेळ गप्प बसतो.

*

सुमतीचं रक्त चांगलं निघालं. जी भीती होती तेच. आणि त्याच आठवड्यात विष्णूचा निरोप आला की भाऊ येतोय.

डॉक्टर, रजनी आणि मी लाटंबार्शाला पोचलो तेव्हा भाऊ येऊन सोप्यावर बसला होता. सावंतवाडीच्या पलीकडचा शेतकरी माणूस, मांडीवर रिकामी पिशवी, बहिणीचे कपडे भरायला आणलेली. विष्णू खांबाला टेकून जमिनीकडे बघत होता. सुमती आतल्या दाराच्या चौकटीत बसली होती, मुलगी तिच्या पाठीला चिकटून. गंगाबाय बांकावर, ताठ, बोंडांतून बिया काढत.

"सांगा," ती म्हणाली. "रक्तात काय गावला?"

"कांयच ना," डॉक्टर म्हणाले.

भावानं पिशवी उगाच सारखी केली.

"पूण आजार आसा. खरो आसा."

"रक्तात नाय. मगे आसा खंय?"

"म्हाका खबर ना."

गंगाबायनं भुवया वर केल्या. "तुमका खबर नाय?"

"ना. कोणाकच खबर ना. संवसारांत खंयच्याच दोतोराक अजून खबर ना. सोदतात."

"आणि औषध?"

"औशद ना."

मी समन्वयक, माणसं तुटणार नाहीत हे बघणं माझं काम, आणि हा गृहस्थ आमचं एकेक शस्त्र आपल्या हातानं खाली ठेवत होता. मी मधे काहीतरी बोलायला तोंड उघडलं, रजनीनं माझ्या पायावर पाय ठेवला.

"आवय," डॉक्टर गंगाबायला म्हणाले, "तुजी फाट दुखता ती रक्तांत दिसता?"

"माझी पाठ दुखता ती तुमका कोणी सांगलां?" तिनं लगेच मुलाकडे रागानं पाहिलं. विष्णूनं दोन्ही हात वर केले.

"कोणें ना. तूं बसतना दर खेपे एक हात बांकार दवरता. म्हाका दिसता. हिचेंय तशेंच. ती उबी आसतना दिसना. दुसऱ्या दिसा दिसता. तुवेंच देसायबाबाक सांगलां न्हय, चवथ जातकच पडटा म्हणून? तो आजारूच तूं सांगताली. इतलें बरें म्हाकाय सांगूंक येवचें ना."

आपण सोंगाचा पुरावा म्हणून सांगितलं ते आजाराचं वर्णन होतं, हे तिच्यात उतरायला वेळ लागला. काजूच्या बोंडांवर माशा घोंगावत होत्या. ती हात मांडीवर ठेवून बसली; तिचे हात रिकामे मी पहिल्यांदा पाहिले.

मग ती डॉक्टरांना नाही, भावाला म्हणाली, "आजपावत किती दोतोर केले. सगळे म्हणत, आमका खबर हा, ह्या घे, ता घे. ह्यो पयलो गावलो जो म्हणता खबर नाय." जरा थांबून: "म्हणजे खोटा बोलणारो नाय."

डॉक्टरांनी मग सांगितलं काय करायचं ते. दमेपर्यंत काम नाही. दमायच्या आधी बसायचं. आज बरं वाटतंय म्हणून सगळं आजच उरकायचं नाही. सण आला तर वाटून करायचं. गंगाबायनं सगळं ऐकलं आणि फक्त एकच विचारलं, "आणि लोक काय म्हणतले?"

भाऊ उठला. "मगे मी काय करू?" त्यानं विचारलं.

"जेवन जा," गंगाबाय म्हणाली. "आणि जाताना काजू घेवन जा. पिशयी आणलस ती रिकामी कित्याक व्हरतस?"

सुमती उठायला लागली. सवयच ती. गंगाबाय तिच्याकडे न बघताच म्हणाली, "तू बस." आणि एक हात बांकावर ठेवून आपण उठली.

*

सगळं गोड झालं असं लिहिलं तर रजनी मला सोडणार नाही. सुमती बरी झाली नाही. आमच्याकडे बरं करायला काही नव्हतं. शेजारणी गंगाबायला टोमणे मारत, "सुनेक राणी करून ठेवल्यानहा." ती म्हणायची, "राणी नाय गो, दोतोराचा काम हा ता." एकदोन वेळा तिचाही तोल गेला, भांडणं झाली, विष्णूनं ट्रक सोडून घरी बसावं असंही ठरलं आणि मोडलं. पण सुमती त्या घरात राहिली, मुलगी तिच्याजवळ राहिली, आणि तिला कुणी खोटी म्हणेनासं झालं. आमच्या अभ्यासातून मोठमोठ्या लोकांनी काय काढलं ते त्यांना माहीत. मला अभिमान याचा आहे.

काम संपायच्या वेळी शेवटच्या फेरीला आम्ही तिघे लाटंबार्शाला गेलो. सुमती सोप्यावर कदेलात, म्हणजे खुर्चीत, बसली होती, पाय वर घेऊन, मुलीचं पुस्तक हातात. आम्हाला पाहून हसली. उठली नाही. न उठणं तिला किती जड जात होतं ते चेहऱ्यावर दिसत होतं. गंगाबाय बांकावर पाठ शेकत होती, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे.

"इलात? बसा," ती म्हणाली. "च्या होई तर भितर जावन करून घेवा. हंय सुनेक दोतोरान बसयल्यानहा आणि माका पण."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. पाहुण्यानं घरात शिरून चूल पेटवायची हे आमच्या मुलखात कुणी ऐकलं नसेल. रजनी निघाली तर गंगाबायनं तिला अडवलं. "तू नुको गो. तू रोजच करतस. त्या देसायांका धाड."

मी गेलो. सोप्यावरून हुकूम सुटत होते. "साखर वयल्या फळयेर! ती नाय, ता मीठ! दूध उतू जावक देव नुको! आल्याचो तुकडो घे रे बाबा, चेच जरा!" डॉक्टर कोप, म्हणजे पेले, धरून दारात उभे होते आणि त्यांना इतकं हसू येत होतं की कोप वाजत होते. चहा काळपट झाला, वर सायीचे तुकडे तरंगत होते. मी पहिला कोप सुमतीला दिला. तिनं दोन्ही हातांनी धरला, एक घोट घेतला, डोळे मिटले.

"कसा झालाय?" मी विचारलं.

"भाऊ," ती म्हणाली, "माझ्या जल्मात पयल्यांदा पावण्यान माका च्या दिल्यान. कसो झालो ता विचारू नुका."

त्या संध्याकाळी पेडण्याला घरी पोचलो तो तरंगतच. मंगल, माझी बायको, दिवसभर शाळेत शिकवून आलेली, पोळ्या करत होती. मी मोड्यावर बसून तिला सगळं सांगितलं. पिशवी घेऊन आलेला भाऊ, खबर नाही म्हणणारे डॉक्टर, हात बांकावर ठेवून उठलेली गंगाबाय. सुमतीचं सांगताना मंगलनं एकदा मनगटानं डोळे पुसले. मग मी शेवटचं, खास माझं, सांगितलं: सगळ्यांचा चहा मी केला. एकट्यानं. परक्या घरात, परक्या चुलीवर, सगळे डबे धुंडाळून.

तिनं तव्यावरची पोळी उतरवली. गॅस बारीक केला. माझ्याकडे वळली.

"लाटंबार्शातले सगळे डबे गावले तुमका," ती म्हणाली. "आता बसल्या जाग्यावरून सांगा, आपल्या घरात च्याची पूड खंय आसता?"